तू बघ की

देवाशी बोलताना मी कधी मोघम बोलले नाही. चौथीच्या वर्गाला शिकवण्यात हयात गेली, त्यामुळे सूचना स्पष्ट द्यायची सवय. मुलांना नुसतं 'नीट लिहा' म्हणून भागत नाही. समास सोडा, शिरोरेघ द्या, खाडाखोड करू नका, असं फोड करून सांगावं लागतं. देवालाही मी तसंच सांगायची. कुणासाठी मागतेय, काय मागतेय, कधीपर्यंत हवंय, सगळं. आमचे हे रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. निवृत्त झाल्यापासून माझी चेष्टा करण्यापलीकडे त्यांना उद्योग नाही. माझी प्रार्थना संपली की हळूच म्हणायचे, "अगं, पिनकोड राहिला. पार्सल भलतीकडंच जाईल."

मी लक्ष द्यायची नाही. आमच्या मंडळीत माझ्या प्रार्थनेला वजन होतं. मंडळी म्हणजे आमचं चर्च, नवराबायकोतली मंडळी नव्हे. कुणाच्या मुलाची मुलाखत असो, कुणाच्या सुनेचं बाळंतपण असो, निरोप यायचा, "बाई, तुम्हीच करा प्रार्थना. तुमची लागू पडते." खोकल्याच्या औषधाबद्दल बोलावं तसं बोलायचे. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

आमच्यात वर्षाच्या शेवटच्या रविवारी साक्ष देतात. ज्याला वाटेल त्यानं उभं राहायचं आणि वर्षभरात देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांना सांगायचं. आमची एकुलती एक लेक इंजिनियर होऊन पुण्याच्या मोठ्या कंपनीत लागली, त्या वर्षी मी जी साक्ष दिली तिचं लोकांनी फार कौतुक केलं. कंपनीची इमारत सगळी काचेची आहे, न्यायला-आणायला बस आहे, जेवण तिथंच मिळतं, हे सगळं मी सांगितलं. मी देवाकडे बेंगळुरू मागितलं नव्हतं, हैदराबाद मागितलं नव्हतं, पुणे मागितलं होतं, आणि देवानं नेमकं पुणेच दिलं, असं मी म्हणाले. लोकांनी 'आमेन' म्हटलं. पाळकीणबाईंनी, म्हणजे चर्च चालवणाऱ्या आमच्या पाळकांच्या पत्नीनं, रुमालानं डोळे टिपले. लेक माझ्या शेजारी मान खाली घालून बसली होती. मला वाटलं, विनयानं बसलीय.

पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, आमच्या सोलापूरला ऊन कसं पडतं ते वेगळं सांगायला नको, ऐन दुपारी ती पाठीवर सॅक आणि हातात मोठी बॅग घेऊन दारात उभी राहिली.

"सुट्टी आहे का गं?"

"घेतलीय."

"किती दिवस?"

"बघू."

हा 'बघू' मला तिथंच खटकला. आमच्या घरात 'बघू' म्हणायची पद्धत नाही.

ती कूलरच्या खोलीत पडून राहू लागली. फोन उपडा ठेवायची. तो वाजला की उचलायची नाही, उलट त्याच्यापासून लांब, गच्चीवर जाऊन उभी राहायची. तिला आवडते म्हणून मी शेंगांची चटणी कुटली, ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणल्या, वर दही ठेवलं. ती दोन घास खायची आणि ताट सारायची. तोंडाला चव नाही म्हणायची. मी म्हटलं, उन्हाची मरगळ असेल. मग एक आठवडा गेला, दुसरा गेला, आणि मंडळीत विचारणा सुरू झाली. मी ठोकून दिलं, "वर्क फ्रॉम होम." हा शब्द फार सोयीचा आहे. तो म्हटला की पुढं कुणी विचारत नाही.

ह्यांनी ते ऐकलं. घरी येताना स्कूटरवर म्हणाले, "काम कुठं करतीय ती?"

"ते प्रभूला माहीत."

"त्याला माहीतच आहे की. म्हणून तर म्हटलं."

आणि एक दिवस जेवताना तिनं सांगितलं. कंपनीनं विचारलंय, परत येतेस की नाही ते शुक्रवारपर्यंत कळव. "मी राजीनामा द्यायचा म्हणते," ती भाकरीचा तुकडा बोटांनी चुरत म्हणाली.

त्या क्षणी मला लेकीच्या भवितव्याची काळजी वाटली असं लिहिलं तर शोभून दिसेल. पण पहिला विचार आला तो साक्षीचा. भरल्या मंडळीसमोर उभं राहून मी काचेची इमारत सांगितली होती. आता काय सांगायचं? देवानं दिलं आणि पोरीनं टाकलं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"देवानं दिलेलं असं लाथाडतात का?" मी म्हणाले.

ती ताटाकडे बघतच म्हणाली, "देवानं दिलं का तू मागितलंस?"

आणि उठून गेली. ह्यांनी आमटीची वाटी तोंडाला लावली ती बराच वेळ खाली ठेवली नाही.

दर गुरुवारी मंडळीतल्या कुणा ना कुणाच्या घरी प्रार्थनासभा असते. आमच्यात तिला कॉटेज म्हणतात. त्या गुरुवारची कॉटेज आमच्याकडे होती. म्हणजे शुक्रवारच्या बरोबर आदल्या दिवशी! मला हा योगायोग वाटलाच नाही. मला वाटलं, देवानंच तारीख लावून दिलीय. माझ्या एकटीच्या प्रार्थनेला ही बधत नाही ना, मग सगळ्यांनी मिळून करू. डोक्यावर हात ठेवून करू. बघू कशी पालटत नाही ते.

इथं अव्वाबद्दल सांगायला हवं. अव्वा म्हणजे आजी. ती विणकर वस्तीतली, तेलुगू बोलणारी. नवरा यंत्रमागावर होता, तो गेला. तिची हयात विड्या वळण्यात गेली. नातीला माझ्या वर्गात घातलं होतं, त्या नातीचं बोट धरून ती आमच्या संडे स्कूलला आली आणि मग कायमचीच आमच्या मंडळीत बसू लागली. नात लग्न होऊन गेली, अव्वा राहिली. तिचं मराठी तिच्या स्वतःच्या मालकीचं होतं. प्रवचनाला झोपायची, आणि मध्येच जागी होऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायची, "संपलं?"

तिची प्रार्थना मला अजिबात आवडायची नाही. सुरुवात 'ए तंड्री'नं व्हायची. तेलुगूत तंड्री म्हणजे बाप. मग ज्याच्यासाठी मागायचं तो मंत्री असो की मोलकरीण, त्याला ती 'लेकरू' म्हणायची. ते लेकरू दमलंय म्हणायची आणि शेवटी, "तू बघ की." झालं! काय बघायचं, कुठं बघायचं, पत्ता नाही. माझ्या मते ही निव्वळ कामचुकार प्रार्थना होती. मुलानं उत्तरपत्रिकेत प्रश्न उतरवून खाली 'बाईंनीच बघून घ्यावे' असं लिहिलं तर मी त्याला गुण दिले असते का? आणि एकदा का 'ए तंड्री' म्हणून डोळे मिटले, की सगळं आटोपून शेवटचं आमेन होईपर्यंत ती ते उघडायची नाही. तसेच मिटल्या डोळ्यांनी हात पुढं करून कुणाच्याही डोक्यावर ठेवायची. एकदा तो आमच्या टेबलफॅनवर पडला होता, नशीब, तेव्हा लाइट नव्हती.

गुरुवारी तर लाइट गेलेलीच होती. बैठकीच्या खोलीत सतरंजीवर सगळ्या बायका गोल करून बसलेल्या, गीतांच्या पुस्तकांनी वारा घेत. पुरुष तीन-चार, खिडकीपाशी. मी आत जाऊन लेकीला म्हटलं, "थोडा वेळ येऊन बस. लोक काय म्हणतील?" ती आली. भांडली असती तर बरं झालं असतं, पण भांडली नाही. अव्वा आणि मी यांच्या मधल्या जागेत बसली आणि ओढणी डोक्यावर घेतली. आमच्यात प्रार्थनेच्या वेळी बायका डोकं झाकतात. मीही पदर पुढं ओढला.

विनंत्या सांगायची वेळ आली. कुणी गुडघ्यांसाठी सांगितलं, कुणी परीक्षेसाठी. मी सांगितलं, "माझ्या लेकीच्या मनात एक चुकीचा विचार शिरलाय. तो जावा. तिचं मन पालटावं. उद्याच्या आत पालटावं." मला पाळकीणबाईंना पुढं बोलवायचं होतं, त्या नीट, मुद्देसूद करतात. मी "पाळकीणबाई, तुम्ही..." एवढं म्हणते आहे तोच शेजारून आवाज आला.

"ए तंड्री..."

अव्वानं डोळे मिटलेसुद्धा. एकानं सुरू केलं की दुसऱ्यानं थांबवायचं नाही, ही आमची रीत. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी दात-ओठ खात डोळे मिटले. आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून चहा उतू गेल्याचा वास आला. लेक उठली. भिंतीकडून तिला जायला वाट नव्हती, म्हणून मी पटकन सरकले, ती माझ्या पलीकडून गेली, आणि मी सरकले ती नेमकी तिच्या जागेवर. पुढचं कळायच्या आत अव्वाचा हात माझ्या डोक्यावर येऊन बसला.

हात जड होता. तेंदूपत्ता आणि तंबाखूचा वास त्याला अजून होता. बोटांची कातडी इतकी खरबरीत की पदराच्या जरीत अडकत होती. मी म्हणणार होते, "अव्वा, मी आहे." पण प्रार्थना चालू असताना आमच्यात अंगावर पाल पडली तरी कुणी मध्ये बोलत नाही, आणि हा नियम मंडळीतल्या निम्म्या पोरांना मीच शिकवला होता.

"ए तंड्री, हे लेकरू लई दमलंय," अव्वा म्हणाली. "ह्याच्या डोस्क्यात नुसता कालवा चाललाय. सगळं आपल्यालाच करायचं हाय असं वाटतंय ह्याला. लई मोठं वझं उचललंय. कुणी सांगितलं व्हतं? कुणी न्हाय. लोक काय म्हणतील, लोक काय म्हणतील, हेच चाललंय दिसरात."

मला राग आला. खरंच आला. हे सगळं माझ्या लेकीसाठी होतं आणि पत्ता चुकून माझ्यावर पडत होतं. पार्सल भलतीकडं गेलं होतं! आणि गंमत म्हणजे एकही वस्तू परत करण्यासारखी नव्हती.

"हट्टी हाय लेकरू," अव्वा पुढं म्हणाली. "पण वंगाळ न्हाय."

मी डोळे उघडले. प्रार्थनेत डोळे उघडणाऱ्या मुलांना मी बाकावर उभं करायची, पण मी उघडले. मान हाताखाली दबलेली, समोर पदर, त्यामुळे दिसत होती ती फक्त जमीन आणि स्वयंपाकघराच्या दाराची खालची बाजू. गॅस बंद करून लेक तिथं येऊन थांबली होती. मधूनच आत कसं यायचं म्हणून चौकटीला धरून उंबऱ्यावर टेकली होती. तिचा हात माझ्या अगदी नजरेसमोर होता.

बोटांना नखंच नव्हती. कुरतडून कुरतडून पार मांसापर्यंत नेली होती. अंगठ्याच्या कडेला रक्त सुकलेलं, एका बोटाला चिकटपट्टी. ती हीच पोर, जिला नखांची एवढी हौस की दहावीत नेलपेंट लावून शाळेत गेली म्हणून मी चारचौघांत ओरडले होते. इतके दिवस मी या हातात ताट देत होते, या हातातून ताट घेत होते. तिनं भाकरी चुरली ती या बोटांनी. मी काय बघत होते? ताटात किती उरलंय ते बघत होते.

"आमी काय सांगायचं तुला?" डोक्यावरून आवाज येत होता. "आमाला काय कळतंय? तू बघ की. ए तंड्री, तू बघ की."

बोलत होती ती देवाशी. पण हाताखाली मी होते. मला हुंदका आला. तो दाबायला गेले तर दुसरा आला, आणि मग मी लहान पोरासारखी मोठ्यानं रडले. बायका 'आमेन, आमेन' म्हणू लागल्या. अव्वाला आपली प्रार्थना लागू पडल्याचा आनंद झाला असावा, तिनं माझ्या डोक्यावर थोपटलं. "रड, रड लेकरा," म्हणाली. शेवटचं आमेन झालं. तिनं डोळे उघडले, आणि पदराखाली पांढरे केस बघून हातच ओढून घेतला.

"अय्यो! तुमी? मग पोरगी कुटं गेली?"

पहिल्यांदा खिडकीपाशी आमचे हे हसले. मग सगळीच खोली हसली. पाळकीणबाई गीतांच्या पुस्तकामागं तोंड लपवून हसत होत्या. आणि दारात माझी लेक हसत होती. इतकी की उंबऱ्यावर पोट धरून वाकली. पुण्याहून आल्यापासून मी तिचे दात पाहिले नव्हते. मी रडता रडता तिच्याकडे बघत राहिले आणि मलाही हसू आलं.

अव्वा मात्र ओशाळली नाही. "मग काय झालं? तिच्यावर बी ठेवते की हात. ये गं, हितं ये."

चहा आला. उतू गेलेला, त्यामुळे प्रत्येकाला अर्धाच कप. पाळकीणबाईंनी लेकीला विचारलं, "मग पुण्याला कधी निघणार?" मी अजून डोळे पुसत होते, पण छाती भरून आली होती, आणि मी सगळ्यांच्या देखत जाहीर करून टाकलं, "ती आता पुण्याला जाणार नाही. मी सांगते. राजीनामा देणार ती."

लेकीनं कप खाली ठेवला. रागावली नव्हती, फक्त दमलेली होती. "आई," ती म्हणाली, "तेवढं तरी मला ठरवू दे की."

घटकाभरापूर्वी धाय मोकलून रडले होते, आणि लगेच पुन्हा सूचना द्यायला सुरुवात! माझं मन पालटलं असं मला वाटलं होतं, पण मी नुसता हुकूम पालटला होता. जित्याची खोड म्हणतात ती ही. मी "बरं" म्हणाले. एवढा एक शब्द. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तेलुगू बोलले.

सगळे गेल्यावर आम्ही दोघी कप विसळत होतो. मी तिच्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, "दुखतं का गं?" तिनं बोटं साबणाच्या पाण्यात लपवली. मग आपणहून बोलायला लागली. दोघांचं काम तिच्या एकटीवर होतं. साहेब सगळ्यांसमोर ओरडायचा. लिफ्टमध्ये शिरलं की श्वास कमी पडायचा म्हणून ती जिन्यानं चढायची. एकदा ऑफिसातून निघाली आणि चौकात उभी राहिल्यावर आपली खोली कुठल्या बाजूला आहे तेच तिला आठवेना. तिथंच फुटपाथवर बसून तिनं मला फोन केला होता.

"मला?"

"हो. तू म्हणालीस, थांब, आपण प्रार्थना करू. आणि सुरू केलीस. प्रमोशनसाठी." तिनं कप उपडा घातला. "मी फोन केला की तू प्रार्थनाच करायचीस, आई. ऐकायची नाहीस."

माझ्या तोंडात आलंच होतं, 'थांब, आपण आत्ता...' मी ते गिळलं. खरंच गिळावं लागलं, भाकरीचा कोरडा घास गिळतात तसं. मी नुसतं "हं" म्हटलं. ती बोलत राहिली, मी "हं" म्हणत राहिले. हे आत आले, फडकं घेतलं आणि कप पुसायला लागले. नेहमीसारखी चेष्टा केली नाही, हे त्यांचे उपकार.

नंतर तिनं दही-भाकरी खाल्ली, चटणी मागून घेतली, आणि झोपली ती दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात येईपर्यंत. मला किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही. वर्षानुवर्षं मी देवाचं काम करत होते. म्हणजे देवाची सेवा नव्हे, देवाचं स्वतःचं काम, कुणाचं काय व्हावं ते ठरवायचं. रोज प्रभूची प्रार्थना म्हणताना त्याची इच्छा पूर्ण होऊ दे म्हणायचं आणि मग आपल्या इच्छेचा कागद त्याच्यापुढं सरकवायचा, सहीसाठी. त्या सकाळी मी पहिल्यांदा काहीच मागितलं नाही. अंगणात सडा टाकला, तिची खोली बंद दिसली, आणि बरं वाटलं.

तिनं राजीनामा दिला. त्यात काय लिहिलं ते मी विचारलं नाही. रविवारी एकीनं विचारलं, "वर्क फ्रॉम होम अजून चालूच?" मी म्हणाले, "नाही हो. नोकरी सोडली तिनं. घरी आहे. दमलीय." आभाळ कोसळलं नाही. उलट ती बाई माझा हात धरून बाजूला घेऊन गेली आणि म्हणाली, "आमचा थोरलाही दिवाळीपासून घरीच आहे. कुणाला बोलले नव्हते." आम्ही दोघी चर्चच्या पायरीवर बसलो. मी तिच्यासाठी तिथल्या तिथं प्रार्थना सुरू केली नाही. ऐकलं.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. लेक संडे स्कूलच्या पोरांना गाणी शिकवू लागली. बापाबरोबर जवळच्या होटगीला ओळखीच्यांच्या शेतावर जाऊन हुरड्यासाठी ज्वारी कशी आहे ते बघून येऊ लागली. नखं वाढायला किती दिवस लागतात ते मी तेव्हा पाहिलं. आधी कडा दिसल्या, मग पांढरी रेघ. मी काही बोलले नाही, नाहीतर पुन्हा कुरतडली असती.

वर्षाच्या शेवटच्या रविवारी साक्षीची वेळ आली आणि पाळकांनी सवयीनं माझ्याकडेच पाहिलं. मी उभी राहिले. लेकीनं मान खाली घातली, या वेळी ती विनयानं नव्हे, हे आता मला कळत होतं.

"मागं मी इथं सांगितलं होतं, की देवानं माझी मागणी तंतोतंत ऐकली," मी म्हणाले. "यंदा त्यानं माझी एकही ऐकली नाही. त्याबद्दल त्याचे आभार."

आणि खाली बसले. मग मागच्या बाकावरून अव्वाचा आवाज आला, "संपलं? एवड्यात?" लेकीची मान वर आली. ओठ दाबून ती हसू आवरत होती.

जानेवारीत तिनं सांगितलं की तिला नोकरी मिळालीय. आधीपेक्षा लहान कंपनी, ओळखीच्या मैत्रिणीची. आणि गाव? पुणेच! तेच पुणे, जे मी एवढं घसा कोरडा करून मागितलं होतं. आणि आता मला ते नको होतं. घरात तिच्या चपला दिसायच्या, गच्चीवर तिची ओढणी वाळायची, मला त्याची सवय झाली होती. मनात लगेच मागणी तयार झाली, सगळ्या तपशिलांसह. हिला इथंच सोलापुरात काहीतरी दे, शाळेत दे, बँकेत दे, मार्चच्या आत दे. मी ती बोलले नाही. लाडू वळले, चटणीची बरणी भरली, आणि बरणीचं झाकण इतकं घट्ट लावलं की ह्यांना ते सैल करून पुन्हा लावावं लागलं.

स्टेशनवर आम्ही तिघंच. सकाळची पुण्याची गाडी लागलेली होती. हे बॅगा घेऊन डब्यात चढले आणि त्या वर ठेवायला लागले. ती खाली माझ्यासमोर थांबली. "आई, प्रार्थना करतेस ना?" म्हणाली आणि ओढणी डोक्यावर घेतली. आजूबाजूला चहावाले ओरडत होते, लोक आमच्यातून वाट काढत होते.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. या खेपेला डोकं बरोबर होतं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. तिची खोली, तिचं जेवण, तिची झोप, साहेब कसा असावा, सुट्टी किती मिळावी. सगळं ओठांपर्यंत आलं. मी डोळे उघडून एकदा तिच्याकडे नीट पाहिलं. मग मिटले.

"हे पित्या," मी म्हणाले. "तू बघ की."

गाडीनं शिट्टी दिली. लेक हलली नाही. मला वाटलं, एवढ्यावर तिचं भागलं नसेल, अजून काही म्हणेन म्हणून वाट बघतेय. पण माझ्या डोक्यावर एक हात आला. माझ्या पदरावर बोटं टेकली, आणि पाचही बोटांची नखं मला जाणवली.

"ए तंड्री," माझी लेक म्हणाली, "हिच्याकडंपण बघ की."